गेट उतरवलं त्या सकाळी

खरं सांगायचं तर त्या दिवसांत माझा महाराजांवर राग होता. साधूवर राग धरू नये हे लहानपणापासून कानावर पडलेलं, आणि बस्तीत जाऊन मी त्यांच्यापुढं डोकंही टेकवत होतो, पण मनातून धुसफुसत होतो. सत्तरी ओलांडलेले हे मुनिमहाराज विहार करत आमच्या कसबा बावड्यात आले, जैन बस्तीत, म्हणजे आमच्या मंदिरात उतरले, आणि त्यांचा आहारच होईना. महाराज उपाशी म्हणून माझी आई उपाशी. तिला साखरेचा त्रास, चालताना भिंतीचा आधार लागतो, आणि तिनं घरात जाहीर करून टाकलं की महाराजांच्या पोटात अन्न गेल्याशिवाय मी जेवणार नाही. मी टीव्ही-फ्रिज विकणारा माणूस. बिघाड कुठं आहे ते कळलं की दुरुस्ती करायची, एवढंच मला समजतं. इथं बिघाड कुठं आहे तेच कुणाला ठाऊक नव्हतं.

आमच्यातली रीत सगळ्यांना माहीत असते असं नाही, म्हणून सांगतो. दिगंबर मुनी दिवसातून एकदाच, उभ्यानं, हाताच्या ओंजळीत आहार घेतात. पाणीसुद्धा तेव्हाच. कुणाच्या घरी जायचं हे आधी ठरत नाही. सकाळी ज्यांनी ज्यांनी शुद्ध स्वयंपाक केला आहे ते श्रावक आपापल्या दारात कलश, नारळ, फळं घेऊन उभे राहतात आणि महाराज समोरून जाताना त्यांना थांबण्याची विनंती करतात. पण काही महाराज बस्तीतून निघताना मनाशी एक विधी धरतात. म्हणजे अमुक एक दृश्य दारात दिसलं तरच थांबायचं, नाहीतर नाही. कुणाच्या हातात ऊस असावा, कुठं दोघं भाऊ शेजारी उभे असावेत, काहीही असू शकतं. ते दृश्य ते कुणाला सांगत नाहीत. दिसलं नाही तर सगळ्या गल्ल्या फिरून शांतपणे परत जातात आणि तो दिवस उपास घडतो. आपल्या जेवणावरसुद्धा आपला हक्क मानायचा नाही, असा त्याचा अर्थ आहे. अर्थ मला चांगला ठाऊक होता. आईचा उतरलेला चेहरा बघितल्यावर तो अर्थ काही उपयोगाला येत नव्हता.

आईची ही इच्छा जुनी. मी लहान असताना आम्ही दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो. आहारासाठी लागणारा वेगळा स्वयंपाक, विहिरीचं पाणी, सोवळ्याची जागा, यातलं आमच्याकडं काहीच नव्हतं. महाराज यायचे तेव्हा आई दुसऱ्यांच्या दारात मागच्या रांगेत उभी राहायची, आणि कुणी बोलावलं तर एखादा घास महाराजांच्या ओंजळीत ठेवून यायची. आपल्या दारात महाराज थांबावेत, आपल्या चुलीवरचं अन्न त्यांनी घ्यावं, हे तिनं कधी मोठ्यानं बोलून दाखवलं नाही. पण मी बावड्यात हे घर बांधलं तेव्हा वास्तूच्या दिवशी स्वयंपाकघराच्या कट्ट्यावरून हात फिरवत ती म्हणाली होती, "आता एकदा महाराजांचा आहार झाला की मी सुटलो." आमच्याकडच्या बायका बाप्यांसारखंच बोलतात. मला आठवतंय, मी तेव्हा तिला नव्या चिमणीचं बटण दाखवत होतो.

घर मी हौसेनं भरलं होतं. उचगावला माझं दुकान. कंपनीचं नवं काहीही आलं की पहिला नग घरी. बायको सुनंदा म्हणायची की आपल्या घरात माणसांपेक्षा वॉरंटी कार्डं जास्त आहेत. पाणी शुद्ध करायचं यंत्र, भांडी धुवायचं यंत्र, हाक मारली की लागणारे दिवे, आणि सगळ्यांत लाडकं म्हणजे बाहेरचं गेट. लोखंडी, जड, रुळावरून सरकणारं, मोटारीचं. फोनवर बोट ठेवलं की उघडायचं. बाजूला एक छोटं दार ठेवू या म्हणून गवंडी मागं लागला होता. शोभा जाते म्हणून मीच नको म्हटलं.

आणि कॅमेरे. एक गेटवर, एक जिन्यात, एक हॉलमध्ये आणि एक स्वयंपाकघरात, खास आईसाठी. दुकानात बसून मी तिला बघायचो. त्याला स्पीकर होता, त्यातून बोलायचो. "आई, गोळी घेतलीस का?" ती दचकायची, मग भिंतीकडं तोंड वर करून सांगायची, "घेतली रे." दुपारी जेवण झालं की स्वतःच कॅमेऱ्याखाली येऊन उभी राहायची आणि म्हणायची, "झालं रे जेवण." मला बरं वाटायचं. दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांना मी ते दाखवायचो आणि त्यावर दोन-चार कॅमेरे खपायचेही. एकदाच ती म्हणाली होती, "तुझा डोळा भिंतीला हाय, पर तू कुठं हाईस?" मी हसलो होतो.

महाराज येणार असं कळल्यावर आईनं चौका लावायचा ठरवला, म्हणजे आहाराचा शुद्ध स्वयंपाक मांडायचा. तेव्हा पहिल्यांदा मला कळलं की माझ्या घरातलं काहीच तिच्या कामाचं नाही. यंत्रातलं पाणी चालत नाही, मळ्यातल्या विहिरीचं हातानं शेंदून दुहेरी फडक्यातून गाळलेलं लागतं. फ्रिजमधलं चालत नाही. पीठ जात्यावरचं. सुनंदानं ओळखीतून जातं आणलं आणि ते ठेवायला जागा म्हणून भांडी धुवायचं यंत्र पॅसेजमध्ये ढकललं. आई जात्याशी बसली की मी नुसता उभा राहून बघायचो. मदत करायला गेलो तर पीठ सांडायचं.

मी मात्र माझ्या परीनं कामाला लागलो. गावातल्या श्रावकांचा फोनवर ग्रुप काढला. महाराज कुठल्या गल्लीत आहेत, कुठं वळले, हे जो तो टाकणार, म्हणजे उगाच तासभर दारात उभं राहायला नको. पहिल्या दिवशी महाराज निघाले. डाव्या हातात मोरपिसांची पिंछी आणि कमंडलू, उजव्या हाताची बोटं खांद्याला लावलेली, नजर खाली. ग्रुपवर मेसेज आला की लोक धावत दारात यायचे, एका हातात कलश, दुसऱ्या हातात फोन. महाराज आमच्या समोर आले, आम्ही 'नमोस्तु' म्हटलं, त्यांनी क्षणभर नजर वर केली आणि पुढं गेले. सगळा बावडा फिरून ते बस्तीत परतले.

दुसऱ्या दिवशी लोकांनी अक्कल लढवली. ग्रुपवर अंदाजांचा नुसता पाऊस. कुणी म्हणे मागं एका महाराजांचा विधी सफरचंदांचा होता, कुणी म्हणे जोडप्यानं मिळून नारळ धरावा. आमच्या दारात मी टेबल मांडून त्यावर पाच प्रकारची फळं, ऊस, चांदीचा कलश, फुलं असं सगळं ठेवलं, जणू दुकानातली दिवाळीची मांडणी. यातलं काहीतरी लागू पडेलच असा माझा हिशोब. महाराज आले, थांबल्यासारखे वाटले आणि गेले. आईनं हातातला तांब्या खाली ठेवला आणि आत गेली. मी सांगितलं, आता दोन घास खा. ती म्हणाली, "त्यांच्या पोटात पाण्याचा थेंब न्हाय. मी पाणी पितोय, गोळ्या घेतोय, बास झालं की." डॉक्टरांना फोन केला तर त्यांनी मलाच झापलं की अशा पेशंटला उपाशी ठेवता कसे.

त्या दुपारी मी दुकानात होतो. सुनंदा बस्तीत गेलेली. मी फोन उघडला तर आई स्वयंपाकघरात जात्याजवळ बसलेली दिसली. मग तिनं कट्ट्याला धरून उठायचा प्रयत्न केला, हात सुटला आणि ती खाली बसली, नंतर आडवी झाली. मी स्पीकरमधून हाका मारल्या. तिनं भिंतीकडं बघायचा प्रयत्न केला असं मला वाटलं. तेवढ्यात चित्र गोठलं. आई फरशीवर, एक हात डोक्याखाली, आणि चित्र हलेचना. मी किती वेळा तो फोन बंद करून चालू केला ते मला सांगता येणार नाही. मग गाडी काढली. उचगावहून बावडा काही लांब नाही, पण त्या दिवशी रस्ता संपत नव्हता. समोरच्या स्टँडवर लावलेल्या फोनमध्ये तेच चित्र होतं, आणि मी पहिल्यांदाच असा विचार केला की इतकी वर्षं मी आईला बघत नव्हतो, आईचं चित्र बघत होतो. घरी पोचलो तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती. चक्कर आली होती, उतरली. साखर-पाणी दिलं तेवढं घेतलं, जेवायला मात्र तयार होईना. मला म्हणाली, "किती वरडतोस रे भिंतीतनं. मला वाटलं देवच बोलावतोय." मी हसू शकलो नाही. तिथंच तिच्या पायाशी बसून रडलो आणि मनात म्हणालो, उद्या मला काही नको. पुण्य नको, मान नको. हिच्या हातून होऊ दे आणि ही जेवू दे.

तिसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून, कोरं धोतर नेसून मी टेबल मांडत होतो आणि लाईट गेली. गेट बंद. फोनवर बोट ठेवून ठेवून थकलो, ते हलेना. बॅटरीवर चालायची सोय होती, पण ती बॅटरी कधीच मेलेली. गावभर बॅटऱ्या विकणाऱ्याच्या घरात ती बदलायची राहून गेली होती. मोटार सुटी करायची एक किल्ली मिळते, ती मी अगदी नीट कुठंतरी जपून ठेवलेली, म्हणजे सापडणारी नव्हती. बाहेर लोकांची 'नमोस्तु, नमोस्तु' ऐकू येऊ लागली. महाराज आमच्याच गल्लीत वळले होते. आणि आम्ही माझ्या लाडक्या गेटाच्या आत, तुरुंगात असावं तसे. आई खुर्चीत बसून होती, हातात तिचा लहानसा पितळी तांब्या. गजांतून ती गल्लीकडं बघत होती. मला ते सोसवेना. मी फोन खांबावर ठेवला आणि गेटाला खांदा लावला. सुनंदानंही कलश खाली ठेवून जोर लावला. गेट तसूभर हललं नाही.

कारखान्याकडं ऊस घेऊन निघालेला एक ट्रॅक्टर, महाराज येताहेत म्हणून, आमच्या घरासमोर कडेला थांबला होता. त्याचा ड्रायव्हर खाली उतरला. मी त्याला आधी कधी बघितलं नव्हतं, नंतरही कधी भेटला नाही. गजांतून आत बघत म्हणाला, "काय झालं पावणं? अडाकलंय व्हय?" मी म्हटलं, "मोटार बंद आहे." तो म्हणाला, "मग मोटार ऱ्हाऊ दे की. गेटच काढू या." ट्रॅक्टरमधली पहार आणून त्यानं चाकाखाली घातली. त्यानं बाहेरून उचललं, आम्ही दोघांनी आतून रेटलं. रुळावरून गेट सुटलं आणि कंपाउंडच्या भिंतीवर धाडकन कलंडलं. "झालं की," एवढंच म्हणून तो पहार घेऊन मागं सरला.

वाट मोकळी झाली आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझं धोतर वंगणानं माखलंय. सुनंदाच्या साडीचंही तेच. त्या कपड्यांत आम्हाला आहार देता येत नव्हता, कलशाला हात लावता येत नव्हता. टेबल आत राहिलेलं, फळं आत, ऊस आत. आणि महाराज शेजारच्या दारापर्यंत आलेले. आई खुर्चीतून उठली. भिंतीला न धरता चालत आली आणि गेट नसलेल्या त्या रुंद, उघड्या जागेत एकटी उभी राहिली, तांब्या दोन्ही हातांत छातीशी धरून. मी आणि सुनंदा लांब सरकून हात जोडून उभे. आईचा आवाज उपासानं बारीक झालेला. "हे स्वामी, नमोस्तु, नमोस्तु, नमोस्तु. अत्र तिष्ठ, तिष्ठ."

महाराजांनी नजर वर केली आणि ते थांबले.

पुढं गेले नाहीत. तसेच उभे राहिले. आईला उमगायला वेळ लागला. मग ती प्रदक्षिणा घालू लागली. तीन घालायच्या असतात. दुसरीत तिचा तोल गेला. मी हात पुढं केला आणि मागं घेतला, कारण मी शिवलो असतो तर सगळंच थांबलं असतं. तेवढी एक प्रदक्षिणा मला फार मोठी गेली. आईला सावरायला मी तिथं हवा होतो, होतोही, आणि माझा उपयोग नव्हता. शेजारच्या काकू शुद्ध कपड्यांत होत्या, त्या पुढं आल्या, त्यांनी आईचा दंड धरला. मी डोळे मिटले आणि पहिल्यांदा काहीही न मागता उभा राहिलो.

अंघोळ करून आम्ही परत आलो तेव्हा आहार सुरू झाला होता. गीझर बंद, थंडीचे दिवस, अंगावर ओलं धोतर, तरी मला काही जाणवत नव्हतं. स्वयंपाकघरात पंखा नाही, दिवा नाही, कुठल्या यंत्राची घरघर नाही. खिडकीतून येणाऱ्या उजेडात महाराज ओंजळ करून उभे होते आणि आई त्यांच्या ओंजळीत तांब्यानं पाणी ओतत होती. थेंबसुद्धा बाहेर सांडत नव्हता. तिचे हात एरवी चहाच्या कपालाही थरथरतात. मग जात्यावरच्या पिठाची भाकरी, मुगाचं वरण, दूध. मला बोलावलं तेव्हा मीही एक घास ठेवला. महाराजांचे तळवे माझ्या बोटांना लागले. ते अगदी कोरडे होते. माझा राग कुठं गेला मला कळलं नाही.

आहार झाला की श्रावकानं काहीतरी त्यागाचा नियम घ्यायचा असतो. महाराज पाटावर बसले आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "काय सोडता?" ते सीमाभागातले, मराठीला कानडी वळण. मी पटकन म्हटलं, "बटाटा." आई लगेच म्हणाली, "बटाटा त्याला सोसतच न्हाय महाराज." सगळे हसले, महाराजही. पण ते तसेच बघत राहिले, वाट बघितल्यासारखे. माझी नजर वर गेली. कोपऱ्यात कॅमेरा होता, एरवी त्यावर हिरवा ठिपका असतो, तो विझलेला. मी म्हणालो, "आईला कॅमेऱ्यातून बघणं सोडतो. दुपारी घरी येऊन जेवीन." महाराजांनी पिंछी उचलून आशीर्वाद दिला. आई पदरानं डोळे पुसत राहिली.

निघताना मला राहवलं नाही. विचारलं, "महाराज, विधी काय होता?" ते म्हणाले, "मिळाला. आता तो कशाला धरून ठेवायचा?" आणि बस्तीकडं चालू लागले. मी अंगणात येऊन बघितलं तर ट्रॅक्टर निघून गेला होता. त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही, याची रुखरुख आजही आहे.

महाराज गेल्यावर आई जेवली. मी समोर बसून बघितलं. दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि वर म्हणाली, वरणात मीठ कमी झालं होतं, महाराजांना कळलं असंल का रे?

संध्याकाळी मला खांबावरचा फोन आठवला. तो तिथंच होता, मेसेजनी भरलेला. विधी काय होता? फोटो टाका. व्हिडिओ कुणी काढला का? फोटो एकही नव्हता. ज्याच्या घरात पावलोपावली कॅमेरे, त्याच्या घरातल्या आहाराचं एकही चित्र नाही, कारण लाईट नव्हती. पुढं बरेच दिवस लोक भेटून अंदाज सांगत राहिले. कुणी म्हणे एकटी वृद्ध स्त्री, कुणी म्हणे पितळी तांब्या, कुणी म्हणे मोडलेलं दार. असेल यातलं काही, नसेलही. पूर्वीचा मी असतो तर छडा लावल्याशिवाय राहिलो नसतो. आता वाटतं, जे आपल्या हातात नव्हतं ते आपल्या मुठीत कशाला हवं? मी सगळी जुळवाजुळव करत होतो तेव्हा काही झालं नाही, आणि माझ्या हाताशी काहीच उरलं नाही तेव्हा ते दारात थांबले. यापलीकडं मला त्यातलं काही कळत नाही आणि कळावं असा हट्टही नाही. त्या ट्रॅक्टरवाल्याला आणि महाराजांना रोज सकाळी एकदा मनातून नमस्कार करतो.

घर काही मी रिकामं केलेलं नाही. फ्रिज आहे, चिमणी आहे, दुकानही जोरात चालतं. गेट मात्र परत बसवलं नाही. ते भिंतीला टेकूनच आहे आणि आईनं त्यावर घेवड्याचा वेल सोडलाय. स्वयंपाकघरातला कॅमेरा काढला, तिथं भिंतीवर स्क्रूची भोकं तेवढी राहिलीत. दुपारी मी उचगावहून घरी येतो. आई अन् मी जमिनीवर बसून जेवतो. पण तिची जुनी सवय अजून गेलेली नाही. जेवण झालं, हात धुतले की कधीकधी ती भिंतीपाशी जाते, त्या भोकांकडं तोंड वर करते आणि म्हणते, "झालं रे जेवण."

मग मागं वळून बघते. मी असतो.